वाढीच्या अभ्यासावर पीएच.डी.: फील्डला जाण्याआधी काय पक्कं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जैविक मानवशास्त्रात पीएच.डी.चं पहिलं वर्ष आहे. हंगामी कामासाठी घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांतल्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या वाढीवर काम करायचं आहे आणि ते उपयोजित असावं असा मार्गदर्शकांचा आग्रह आहे. किती मुलं घ्यावीत, कोणती मापं घ्यावीत, लाळ, रक्त किंवा डीएनएचे नमुने घ्यावेत का आणि परवानग्यांचं काय, हे विचारलं आहे.

विषय चांगला आहे. पण या चारही प्रश्नांची उत्तरं एका पाचव्या प्रश्नावर अडकलेली आहेत आणि तो विचारलेला नाही. तुम्हाला जो फरक शोधायचा आहे तो साधारण केवढा असेल, आणि तुमच्या स्वतःच्या हाताने होणारी मोजमापाची चूक त्यापेक्षा पुरेशी लहान आहे का? हे कळल्याशिवाय मुलांची संख्या काढता येत नाही, मापं निवडता येत नाहीत आणि नीतिसमितीसमोर ‘हे मूल मोजायलाच हवं’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

‘स्थलांतर आणि वाढ’ हा विषय झाला, संशोधनप्रश्न नव्हे. प्रश्न व्हायला कोणतं माप, कोणाशी तुलना आणि किती कालावधीत, या तिन्ही गोष्टी वाक्यात याव्या लागतात. उंची ही गर्भावस्थेपासून आजपर्यंतच्या सगळ्या दिवसांची बेरीज असते. वजन, दंडाचा घेर आणि त्वचेच्या घडीची जाडी म्हणजे स्किनफोल्ड ही मापं गेल्या काही आठवड्यांची किंवा महिन्यांची स्थिती सांगतात. त्यामुळे चार महिन्यांच्या एका हंगामाचा परिणाम उंचीत शोधू नका. हिशेब करून पाहा. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे चार महिन्यांत जेमतेम २. हंगामात वाढीचा वेग पाव हिश्शाने कमी झाला असं धरलं तरी दोन गटांतला फरक अर्धा सेंटिमीटर भरतो. एकाच मुलाची उंची सराईत माणसाने दोनदा घेतली तरी ३-४ मिलिमीटर इकडेतिकडे होतात. मग असा फरक मुळात आहे की मोजणीतून आला, हे कोण सांगणार? म्हणून एका हंगामाचा प्रश्न असेल तर तो दंडाच्या घेरावर आणि वजनावर उभा करा. अनेक वर्षांच्या स्थलांतराचा प्रश्न असेल तर उंची हेच योग्य माप आहे, पण मग प्रत्येक मुलाने आजवर किती हंगाम बाहेर काढले, कोणत्या वयात काढले, हा इतिहास नीट विचारून घ्यावा लागेल.

तुलना कोणाशी, हा त्याहून नाजूक भाग. स्थलांतर करणारी कुटुंबं बहुतेकदा आधीपासूनच गरीब असतात, कर्जात असतात, जमीन नसलेली असतात. त्यांची मुलं सुस्थितीतल्या मुलांपेक्षा बुटकी निघाली तर त्यातून स्थलांतराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुलनेचा गट त्याच वस्तीतला, त्याच आर्थिक पातळीवरचा, पण न जाणारा हवा. काही घरांत एक मूल आईवडिलांबरोबर जातं आणि एक आजीआजोबांकडे राहतं. अशी भावंडं मिळाली तर ती तुलना सोन्याहून पिवळी, कारण घर, आई आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकता सारखीच असते. त्यातही कोणाला नेलं आणि कोणाला मागे ठेवलं यामागे कारण असतं: अशक्त मूल मागे ठेवलं असेल किंवा हाताशी येणारं मोठं मूल नेलं असेल. ते कारण विचारून नोंदवायचं. शिवाय प्रत्येक आईची उंची मोजाच. दोन मिनिटांचं काम आहे आणि विश्लेषणात त्याइतकं उपयोगी दुसरं सहमाप, म्हणजे तुलनेत हिशेबात धरायचं जोडीचं माप, नाही.

आता ‘उपयोजित’ या शब्दाबद्दल. शेवटच्या प्रकरणात दहा शिफारशी जोडल्या की काम उपयोजित होतं असं मानणारे प्रबंध पुष्कळ आहेत, आणि त्या शिफारशी कोणी वाचत नाही. उपयोजित काम शेवटाकडून सुरुवातीकडे आखायचं असतं. आधी शोधा, या मुलांबाबत निर्णय कोण घेतं: शाळा, आरोग्यसेविका, काम देणारा ठेकेदार, एखादी संस्था, की स्वतः पालक? त्यांच्याशी बोलून एका कागदावर लिहा की कोणता आकडा हाती आला तर ते आज करतात त्याहून वेगळं काय करतील. समजा आरोग्यसेविका म्हणाली, ‘मुलं परत आल्यावर पहिल्या पंधरवड्यात कोणाला आधी तपासायचं हे कळलं तर उपयोग होईल.’ या एका वाक्यातून तुमची रचना ठरते: परतल्यावर लगेच मोजमाप, तेही तिला करता येईल अशा साध्या मापाने, म्हणजे दंडाचा घेर. असं कोणतंच वाक्य मिळालं नाही तर कामाला शुद्ध संशोधन म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

मापं मोजकीच घ्या. उंची, बसलेली उंची, वजन, दंडाचा घेर, दंडामागची आणि खांद्याच्या पात्याखालची स्किनफोल्ड ही सहा मापं या प्रश्नाला भरपूर आहेत. वीस-पंचवीस मापांची जुनी यादी घेऊन गेलात तर प्रत्येक मुलामागे अर्धा तास जाईल, मूल कंटाळेल आणि शेवटची दहा मापं कोणत्याच तक्त्यात येणार नाहीत.

उंची सगळ्यांना सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त चुका तिच्यातच होतात. जमीन सपाट आहे का ते पाणसळीने पाहायचं. उपकरण ज्ञात लांबीच्या धातूच्या दांड्याने रोज सकाळी तपासायचं आणि ते वाचन वहीत लिहायचं. मूल अनवाणी, टाचा जुळलेल्या, टाचा, नितंब आणि पाठ उभ्या पट्टीला टेकलेली. डोकं टेकलंच पाहिजे असं नाही, पण ते फ्रँकफर्ट प्रतलात हवं: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याची वरची कड एका आडव्या रेषेत. मुलं ‘ताठ उभा राहा’ म्हटलं की हनुवटी वर करतात आणि उंची कमी भरते. केसांचे अंबाडे, वेण्या, क्लिपा काढायला लावा. सरकपट्टी केस दाबून टाळूला टेकली पाहिजे. मग मोठा श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या क्षणी मिलिमीटरपर्यंत वाचायचं. वाचताना तुमचा डोळा पट्टीच्या पातळीवर हवा. उंच निरीक्षक वरून वाचतो तेव्हा प्रत्येक मुलाची उंची एकाच दिशेने चुकते, आणि ही चूक कितीही मुलं घेतली तरी कमी होत नाही.

वेळेची गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते. माणसाची उंची सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटरने घटते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या काही तासांतच होते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात. आता शाळेतली मुलं सकाळी मोजली आणि कामाच्या ठिकाणची मुलं पालक परतल्यावर संध्याकाळी, तर स्थलांतरित मुलं काही मिलिमीटरने बुटकी निघणारच. हे निष्कर्ष म्हणून छापूनही येऊ शकतं. उपाय साधा आहे: दोन्ही गट एकाच वेळेच्या चौकटीत मोजा आणि प्रत्येक नोंदीवर घड्याळाची वेळ लिहा.

बसलेल्या उंचीला ज्ञात उंचीची, न डुगडुगणारी पेटी लागते. मूल पेटीवर बसतं, मांड्या आडव्या, हात मांडीवर, पाठ पट्टीला लागून. वाचनातून पेटीची उंची वजा करायला विसरलात तर ती चूक लगेच कळते. पण काही मुलांसाठी वजा केली आणि काहींसाठी नाही, तर कळता कळत नाही. म्हणून वहीत वजा न केलेलंच वाचन लिहायचं आणि वजाबाकी संगणकावर एकदाच करायची. उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी मिळते. सुरुवातीच्या बालपणातल्या ओढाताणीची खूण तिच्यात अधिक दिसते, म्हणून ती मोलाची. मात्र तिच्यात दोन्ही मापांची चूक एकवटते, हे पुढे हिशेबात घ्या.

दंडाच्या घेरासाठी कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर खूण करायची. मग हात सरळ खाली सोडायला सांगून खुणेवर फीत गुंडाळायची. वाकवलेल्या हाताचाच घेर घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. फीत त्वचेला सगळीकडून टेकेल, पण मांस दाबणार नाही. बाजू कोणती, यावर दोन परंपरा आहेत: आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र कार्यक्रमाच्या १९६९च्या पुस्तिकेने डावी बाजू धरली, तर खेळाडूंच्या मोजमापात रुळलेली इसाक या आंतरराष्ट्रीय मोजमाप संस्थेची पद्धत उजवी घेते. ज्यांच्या आकडेवारीशी तुलना करणार त्यांची बाजू निवडा, आराखड्यात लिहा आणि मग शेवटच्या मुलापर्यंत बदलू नका.

स्किनफोल्ड हे खरं हाताचं कसब. अंगठा आणि तर्जनीने खुणेच्या एक सेंटिमीटर वर त्वचा आणि खालची चरबी स्नायूपासून सोडवून उचलायची, कॅलिपरचे, म्हणजे घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्याचे, जबडे खुणेवर लावायचे, खटका पूर्ण सोडायचा आणि दोन सेकंदांनी वाचायचं. घडी धरलेली बोटं तोवर सोडायची नाहीत. हार्पेंडन कॅलिपर दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम दाब देतो आणि ०.२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. थांबाल तितकी चरबी दबत जाते आणि वाचन घसरतं. त्याच जागी लगेच दुसरं वाचन घेतलं तर तेही कमीच येतं. म्हणून सगळ्या मापांची एक फेरी पुरी करून मग दुसरी फेरी घ्यायची. स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅलिपरची स्प्रिंग उन्हात आणि वापराने सैल पडते, त्याच्यावर प्रबंध उभा करू नका. स्किनफोल्डवरून शरीरातल्या चरबीची टक्केवारी काढणारी सूत्रंही टाळा. ती ज्या लोकसमूहावर बांधली गेली त्याबाहेर किती चुकतात हे तुमच्या मुलांबाबत तपासायची सोय तुमच्याकडे नाही. दोन घड्यांची बेरीज तशीच वापरा.

आता मूळ मुद्दा, मोजमापाची तांत्रिक चूक, ज्याला सगळे टी.ई.एम. म्हणतात. फील्डला जाण्याआधी त्याच वयोगटातली निदान २० मुलं घ्या, प्रत्येकाची सगळी मापं दोनदा घ्या. दुसऱ्या वेळी पहिला आकडा दिसता कामा नये, म्हणून कागद वेगळा, लिहिणारा माणूस वेगळा आणि खुणा पुसून पुन्हा केलेल्या. प्रत्येक मुलाच्या दोन वाचनांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा २० मुलांच्या उंचीतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ६.४ आली. भागिले ४० म्हणजे ०.१६, वर्गमूळ ०.४ सेंटिमीटर. सरासरी उंची १२५ असेल तर सापेक्ष चूक ०.३२ टक्के. दंडामागच्या स्किनफोल्डसाठी बेरीज १४.४ आली तर टी.ई.एम. ०.६ मिलिमीटर, आणि सरासरी ९ मिलिमीटर असेल तर सापेक्ष चूक ६.७ टक्के. इसाकच्या पहिल्या पातळीच्या कसोटीत स्किनफोल्डला ७.५ टक्के आणि इतर मापांना १.५ टक्के इतकी सूट असते. सुरुवातीला हे धरून चाला, पण सराव करून खाली आणा.

यापुढे विश्वासार्हता गुणांक काढतात: टी.ई.एम.चा वर्ग भागिले नमुन्याच्या प्रमाण विचलनाचा (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचा) वर्ग, आणि तो १ मधून वजा. ०.९५च्या वर हवा असं सहसा म्हटलं जातं. इथे एक गफलत होते. ६ ते १२ वर्षांची सगळी मुलं एकत्र धरली तर उंचीचं प्रमाण विचलन ११-१२ सेंटिमीटर होतं आणि गुणांक ०.९९९ येऊन आपण खूश होतो. पण तुमची तुलना वय धरून होणार. एकाच वयाच्या मुलांत विचलन साडेपाचच्या आसपास असतं, म्हणून गुणांक त्यावर काढा. उंचीत फारसं बिघडत नाही, ०.९९५ येतो. स्किनफोल्डमध्ये मात्र चित्र बदलू शकतं.

टी.ई.एम. फरकाचा वर्ग घेत असल्याने चुकीची दिशा लपते. म्हणून फरकांची साधी सरासरीही पाहा, आणि फरक विरुद्ध सरासरी असा बिंदूंचा आलेख काढा. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली हीच पद्धत वैद्यकीय मोजमापांसाठी रूढ केली. दोन निरीक्षक असतील तर दोघांनी तीच २० मुलं मोजायची आणि एकमेकांतली चूक काढायची. एका सहकाऱ्याला एक गट आणि दुसऱ्याला दुसरा गट, अशी वाटणी कधीही करू नका. तसं केलंत तर निरीक्षकांतला फरक आणि मुलांतला फरक पुढे कोणत्याही संख्याशास्त्राने वेगळा काढता येत नाही.

टी.ई.एम. हाती आली की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. पायांची लांबी घ्या: उंचीची चूक ०.४ आणि बसलेल्या उंचीची ०.५ असेल तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ०.६४ सेंटिमीटर. तेच मूल दोनदा भेटून वाढ काढायची असेल तर ०.४ गुणिले २चं वर्गमूळ, म्हणजे ०.५७. चार महिन्यांतल्या २ सेंटिमीटर वाढीवर ही चूक फार मोठी. वाढीचा वेग मोजायचाच असेल तर दोन भेटींत पूर्ण वर्षाचं अंतर ठेवा. वाढीचा वेग ऋतूंप्रमाणे बदलतो, तोही प्रश्न त्याने सुटतो.

वयाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते निम्मे विचित्र निकाल तिथूनच येतात. आठ वर्षांच्या मुलाचं वय सहा महिन्यांनी चुकलं तर अपेक्षित उंची पावणेतीन सेंटिमीटरने सरकते, म्हणजे झेड-स्कोअरमध्ये (त्याच वयाच्या संदर्भ सरासरीपासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे त्यात) जवळपास अर्ध्याचा फरक. एवढा तर तुम्हाला शोधायचा परिणामही नसेल. जन्मतारीख कागदावरून घ्या आणि कोणत्या कागदावरून घेतली ते संकेतांकाने नोंदवा. शाळेच्या दप्तरात प्रवेशाच्या सोयीने लावलेल्या तारखा असतात. एकाच तारखेला किंवा महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेल्या मुलांचा ढीग दिसला की समजून जा. कागद नसेल तर आईला सण, हंगाम, मोठ्या भावंडाचं वय अशा खुणांवरून विचारून महिना निश्चित करा. वय दशांशात काढा: मोजल्याच्या तारखेतून जन्मतारीख वजा, भागिले ३६५.२५.

झेड-स्कोअरसाठी पाच वर्षांपुढे जागतिक आरोग्य संघटनेचा २००७चा संदर्भ वापरायचा. पाच वर्षांखालचं २००६चं मानक वेगळं आहे. ते १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांवर बांधलेलं आहे. २००७चा संदर्भ मात्र १९७७च्या अमेरिकन आकडेवारीची नव्याने केलेली मांडणी आहे. दोन्हींना एकाच दमात ‘मानक’ म्हणू नका, परीक्षक तिथेच पकडतात. वयानुसार वजनाचा तक्ता १० वर्षांपर्यंतच आहे, त्यापुढे वयानुसार बीएमआय घ्यावा लागतो. आणि कुपोषण ओळखण्याच्या, दंडाच्या घेराच्या ११५ व १२५ मिलिमीटर या प्रसिद्ध मर्यादा ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांसाठी आहेत. आठ वर्षांच्या मुलाला त्या लावल्या तर सगळी मुलं ठीक आहेत असाच निष्कर्ष निघेल. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे ६ ते अधिक ६ च्या बाहेर किंवा बीएमआयचा उणे ५ ते अधिक ५ च्या बाहेर गेला तर नोंद थेट उडवू नका. मूळ कागद काढून पाहा, बहुतेक वेळा जन्मवर्ष चुकलेलं असतं.

किती मुलं? दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल, ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात साधारण १५.७ भागिले फरकाचा वर्ग एवढी मुलं लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या एककात मांडायचा. फरक ०.५ असेल तर ६३, ०.३ असेल तर १७५, ०.२ असेल तर ३९३. फरक थोडा कमी धरला की संख्या कशी उसळते ते पाहा. हा अपेक्षित फरक मनाने ठरवू नका, आधीच्या प्रकाशित कामातून किंवा स्वतःच्या पायलटमधून, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीतून, घ्या. मुलं वस्त्यांमधून किंवा शाळांमधून गटागटाने घेणार असाल तर आणखी एक गुणक लागतो: १ अधिक (दर वस्तीतली मुलं उणे १) गुणिले वस्तीतल्या मुलांचं एकमेकांशी साम्य. दर वस्तीत २० मुलं आणि साम्य ०.०५ धरलं तर १.९५ पट, म्हणजे १७५ची ३४२ होतात. दर वस्तीत ४० घेतली तर २.९५ पट. म्हणून कमी वस्त्यांतून जास्त मुलं घेण्यापेक्षा जास्त वस्त्यांतून थोडी थोडी घ्या. प्रवास वाढतो, पण माहिती खरी मिळते. वर १० टक्के मुलं नकार, आजार, गैरहजेरी यांसाठी धरा. एका पीएच.डी.त एका माणसाच्या हातून दिवसाला १२ ते १५ मुलंच नीट मोजून होतात. त्यापुढे हात थकतो आणि स्किनफोल्ड बिघडायला लागते.

लाळ, रक्त, डीएनए. माझं स्पष्ट मत असं की प्रश्न त्यांच्याशिवाय सुटत असेल तर घेऊ नका. ताण मोजायला लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आकर्षक वाटतं. पण ते जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत वर चढतं आणि दिवसभर उतरत जातं. कामाला जाणाऱ्या घरातली मुलं पहाटे उठतात, इतर उशिरा. सगळ्यांची लाळ सकाळी नऊला घेतली तर ताणाचा नाही, उठण्याच्या वेळेचा फरक सापडेल. एका नमुन्यावर काही बोलता येत नाही, निदान दोन-तीन दिवस, दिवसातून अनेकदा, आणि प्रत्येक वेळी उठल्याची वेळ नोंदवून घ्यावे लागतात. शिवाय ६ ते १२ हे दुधाचे दात पडण्याचं वय. हिरडीतून आलेलं किंचित रक्तही लाळेतलं संप्रेरक फुगवतं, म्हणून दात हलतो का ते पाहून तशी नोंद करावी लागते.

रक्त घ्यायचंच असेल तर बोटाच्या टोकावरून घेतलेले आणि कागदावर वाळवलेले थेंब फील्डमध्ये सोयीचे पडतात. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा थेंब छापील वर्तुळाच्या मध्यावर आपल्या वजनाने पडू द्यायचा, बोट कागदावर घासायचं नाही. वर्तुळ अपुरं भरलं म्हणून त्यावरच दुसरा थेंब टाकला की थर चढतो आणि प्रयोगशाळेत ते वर्तुळ बाद होतं. सावलीत, आडवं ठेवून निदान चार तास वाळवायचं, दमट हवेत रात्रभर, मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत आणि लवकरात लवकर गोठणपेटीत. दमटपणामुळे पूर्ण हंगामाचे नमुने वाया जातात. आणि आधी प्रयोगशाळेला विचारा की वाळलेल्या थेंबावर ती चाचणी त्यांनी पडताळली आहे का. नमुने गोळा झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

डीएनए तुमच्या प्रश्नाला लागत नाही. ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेल्या नमुन्यांनी या विद्याशाखेची फार मोठी हानी केली आहे. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि लोकसमूहाच्या उगमाच्या अभ्यासाला वापरल्याचं लोकांना कळलं. खटला झाला, २०१०मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाशी तडजोड झाली, भरपाई मिळाली आणि उरलेले नमुने परत दिले गेले. संमतीपत्रात म्हणून प्रत्येक नमुन्याचा वापर कशासाठी, किती काळ, शेवटी तो नष्ट होणार की परत दिला जाणार, हे साध्या वाक्यांत हवं. ‘आरोग्यविषयक संशोधनासाठी’ एवढं मोघम लिहू नका.

पालकांची संमती घेतली तरी मुलाचा होकार वेगळा घ्यायचा, आणि मूल शर्टाची बाही वर करायला कां-कूं करत असेल तर तो नकारच समजायचा. मोजताना घरातलं किंवा शाळेतलं ओळखीचं मोठं माणूस जवळ हवं. खांद्याखालची स्किनफोल्ड मुलींची घेणार असाल तर मोजणारी स्त्री हवी आणि आडोसा हवा. कामाच्या ठिकाणी ठेकेदाराने परवानगी दिली म्हणजे कुटुंबांनी दिली असं होत नाही. उलट त्याच्या उपस्थितीत मिळालेला होकार कितपत मोकळा आहे हे तपासून घ्या, शक्यतो त्याच्या गैरहजेरीत पुन्हा विचारा. आणि गंभीर अशक्त मूल सापडलं तर त्याच दिवशी कोणाकडे पाठवायचं, ने-आण कोण करणार, हे फील्ड सुरू होण्याआधी लेखी ठरलेलं असलं पाहिजे. मोजून, नोंदून, पुढच्या घरी निघून जाणं अक्षम्य आहे.

प्रबंधातल्या भाषेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मोजपट्टी आणि कॅलिपर घेऊन माणसांच्या जाती-वंश ठरवण्याचा इतिहास याच विद्येचा आहे. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१२ साली प्रकाशित केलेल्या स्थलांतरितांच्या अभ्यासात अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचं प्रमाण आईवडिलांपेक्षा वेगळं आढळलं. त्या आकडेवारीवर २००२-०३मध्येही वाद झाला, परिणाम केवढा यावर मतभेद राहिले. पण शरीर परिस्थितीनुसार घडतं, हा विचार तिथून रुजला. आनुवंशिकीतज्ज्ञ लेवाँटिन यांनी १९७२ साली दाखवलं की मानवी आनुवंशिक विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. त्यामुळे ‘अमुक समाजाची मुलं बुटकी’ असं वाक्य लिहू नका. समाजाचं नाव हे कारण नसतं. घरातली माणसं, पाणी, आजारपण, आईची उंची, बाहेर काढलेले हंगाम हे मोजा आणि त्यांच्याबद्दल बोला.

विश्लेषणाचा आराखडा आकडे येण्याआधी लिहा. रिकामे तक्ते तयार करा, मथळे आणि ओळींसकट. एखादं माप कोणत्याच तक्त्यात बसत नसेल तर ते फील्डच्या कागदावरून काढून टाका. मुख्य निष्कर्ष झेड-स्कोअरच्या सरासरीवर ठेवा. ‘किती टक्के खुरटलेली’ (वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे २च्या खाली) ही टक्केवारी लोकांना समजायला सोपी म्हणून जोडीला द्या, कारण उणे २च्या रेषेवर मुलांना दोन डब्यांत टाकलं की बरीच माहिती वाया जाते. भावंडं आणि एका वस्तीतली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून घर आणि वस्ती यांच्यातलं साम्य हिशेबात धरणारं संख्याशास्त्रीय प्रारूप (मिश्र प्रारूप) वापरा. दोनच भेटींच्या आकड्यांवर वाढीचे वक्र बसवायचा मोह टाळा. प्रीस-बेन्स किंवा सिटारसारख्या पद्धतींना वर्षानुवर्षांची मापं लागतात.

वेळापत्रक साधारण असं बसतं: पहिले तीन-चार महिने प्रश्न, निर्णय घेणाऱ्यांशी बोलणी आणि हाताचा सराव. टी.ई.एम.चा तक्ता नीतिसमितीच्या अर्जातच जोडा, त्याने अर्जाला वजन येतं. मंजुरीला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो, आणि हंगाम तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून अर्ज हंगामाच्या निदान सहा महिने आधी गेला पाहिजे. फील्डमध्येही दर दहावं मूल दोनदा मोजत राहा आणि टी.ई.एम. दर महिन्याला पुन्हा काढा. ती वाढू लागली तर कॅलिपर तरी बिघडलाय किंवा हात तरी. नावं असलेली यादी आणि मापं असलेला कागद वेगळ्या जागी, फक्त क्रमांकाने जोडलेले ठेवा. आकडे दोन वेगळ्या माणसांकडून दोनदा भरून घ्या आणि जुळवून पाहा. पालकांना त्यांच्या मुलाचा निकाल परतल्यावर पंधरवड्याच्या आत मिळाला पाहिजे, एका कागदावर, त्यांच्या भाषेत, शेजारच्या मुलाशी तुलना न करता. वाचता येत नसेल तर तोंडी सांगायला तुम्हीच जायचं.